दुसऱ्या बाटलीची बातमी

बाबा, गेल्या रविवारी तुमचं नाव बातमीत आलं. पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांची नावं फळ्यावर लिहिलीत, स्वतःचं कधी लिहिलं नाहीत, कोपऱ्यात सहीसुद्धा केली नाहीत. तुम्हाला जाऊन तेहतीस वर्षं झाल्यावर ते छापून आलं आणि ते चांगल्या कारणासाठी आलं नाही. मथळा होता, 'सासऱ्याच्या खडूने संपवली जावयाची शर्यत'. कागदाचा पेपर नव्हे, मोबाईलमध्ये येतो तो. मुलीने उल्हासनगरहून मला पाठवला आणि खाली विचारलं, आई, हे खरं आहे का, आजोबांनी असं केलं? तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. तिला तुम्ही फक्त भिंतीवरच्या फोटोतले माहीत. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. आधी तुम्हाला लिहायला बसले आहे.

बातमी लिहिणारी मुलगी इथलीच, बदलापूरची, कात्रपला राहते. घरी आली, चपला बाहेर काढल्या, मला मावशी म्हणाली, मोबाईल टेबलावर उताणा ठेवला आणि बोला म्हणाली. परदेशात तीन-तीन आठवडे चालणारी एक सायकल शर्यत असते. तिच्यात पहिल्या आलेल्या गड्यावर उत्तेजक औषध घेतल्याचा आरोप झाला आहे, सध्या सगळीकडे तेच चालू आहे. तिला त्या निमित्ताने आपल्या भागातलं काही हवं होतं. कोणीतरी तिला तुमच्या जावयांबद्दल सांगितलं होतं. हे जाऊन दोन वर्षं झाली, म्हणून ती माझ्याकडे आली.

त्या परदेशी गड्याचं मी सगळं वाचते आहे. ह्यांची ती सवय होती, आता माझी झाली आहे. पहिलीत शाळा सुटलेली बाई परदेशातल्या सायकलींचं कशाला वाचते, असं शेजारणीला वाटतं, पण मला त्या बातम्यांची चाल पाठ झाली आहे. पहिल्या दिवशी मोठा फोटो येतो, चढावर काढलेला, तोंड वासलेलं, डोळे बाहेर आलेले. डोंगर चढताना कुणाचं तोंड नीट दिसेल? पण तोच फोटो निवडतात. मग चार दिवस जुने खेळाडू बोलतात, डॉक्टर बोलतात, आम्हाला आधीपासून शंका होती म्हणतात. मग सगळं शांत. वर्ष-दीड वर्षाने निकाल लागतो, तो मला शोधून काढावा लागतो. कधी तो गडी खरंच दोषी निघतो, तेही सांगायला हवं. हे म्हणायचे, दोषी निघाला तर याच्याहून मोठ्या अक्षरात लिहा, माझी ना नाही, पण निघाल्यावर लिहा.

ती मुलगी ऐकत होती आणि मी बोलत गेले. मी तिला तेच सांगितलं जे या घरात कायम सांगितलं गेलं. ती खोटं काही लिहून गेली नाही, बाबा. तिने मी सांगितलं तेच लिहिलं.

तुमचा फळा मला आजही जसाच्या तसा दिसतो. अंबरनाथला आपल्या चाळीच्या टोकाला मंडळाची खोली, तिच्या बाहेरच्या भिंतीवर सिमेंटचा काळा फळा, समोर पाण्याचा नळ. तुम्ही काड्यापेट्यांच्या कारखान्यात कामाला. पहिल्या पाळीला जायच्या आधी पेपर विकत घेता, नळावरच उभ्या उभ्या वाचता, ओलं फडकं फिरवता आणि लिहायला लागता. बोटांना कारखान्याचा वास, वर खडूची भुकटी. वर जगाच्या दोन बातम्या, मध्ये महाराष्ट्राच्या, आणि उजवीकडे लाल खडूने आखलेली चौकट, तिच्यावर 'आपले गाव'. बाकीचा फळा रोज पुसला जायचा, ती चौकट नाही. गावची पुढची बातमी येईपर्यंत आधीची तिथेच राहायची. हा नियम तुमचाच. दहावीला पास झालेल्या पोराचं नाव एका दिवसात पुसलं तर त्याच्या आईला काय वाटेल, असं तुम्ही म्हणायचात. अर्धी चाळ पेपर घेत नव्हती. त्यांचा पेपर म्हणजे तुम्ही.

आई गेल्यावर माझी शाळा सुटली, धाकट्यांना बघायला कोणी नव्हतं. मी वाचायला शिकले ती नळाच्या रांगेत. हंडा भरेपर्यंत समोर फळा. रोज त्याच हातची अक्षरं, हळूहळू ती ओळखीची झाली. तुमच्या बातम्यांत 'सूत्रांनी सांगितले' असं पुन्हा पुन्हा यायचं, आणि बरेच दिवस मला वाटायचं की सूत्र नावाचा कोणी माणूस मुंबईत बसलेला आहे आणि त्याला सगळं ठाऊक असतं. एकदा मी हे तुम्हाला विचारलं. तुम्ही इतके हसलात की खोकला लागला, आणि मग एकदम गप्प झालात, कारण मला वाचता येतं हे तुम्हाला त्या दिवशी कळलं. त्यानंतर पेपर आधी माझ्याकडे टाकायला लागलात. जाहिरातींपासून निविदांपर्यंत मी सगळं वाचायची, काही सोडायची नाही. एकदा चौकटीखाली जागा उरली म्हणून मी खडूने पानाफुलांची वेल काढली होती. नळावरच्या बायकांना आवडली. तुम्ही पाळीवरून आलात, फडकं घेतलंत आणि सगळ्यांसमोर पुसून टाकलीत. म्हणालात, "फळ्यावर बातमी. वेलबुट्टी दारातल्या रांगोळीत काढ." मला तेव्हा फार लागलं होतं.

ते दिवस ह्यांच्या जोरातले. बदलापूरहून रोज सायकलने अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कामाला यायचे, आणि त्याआधी पहाटेच वांगणीच्या पुढे जाऊन परत आलेले असायचे. मंडळाने वर्गणी काढून ह्यांना शर्यतीची सायकल घेऊन दिली होती, पातळ चाकांची. सायकल मंडळाची, पाय ह्यांचे, असं सगळे म्हणायचे. घाटाच्या शर्यतीत हे दुसरे आले तेव्हा तुम्ही अख्खी चौकट ह्यांच्या नावाने भरलीत. एका मोठ्या कंपनीच्या संघात घेणार होते, पगारावर सायकल चालवायची, दुसरं काम नाही. नळावरून मी ह्यांना जाताना बघायची. कधी बोललेली नव्हते.

आणि मग ती बातमी. खेळाच्या पानावर, खालच्या बाजूला. घाटाच्या शर्यतीनंतर झालेल्या चाचणीत बदलापूरच्या सायकलपटूने उत्तेजक घेतल्याचे आढळले असल्याचे समजते. मी वाचली आणि तुमच्यापुढे धरली. तुम्ही दोनदा वाचलीत. मी विचारलं, खरं असेल का? तुम्ही म्हणालात, "पेपरात आलंय." फडकं ओलं केलंत आणि ह्यांचं कौतुक पुसून त्याच चौकटीत ते लिहिलंत. 'समजते' वगैरे लिहिण्याइतकी चौकट मोठी नव्हती.

चाचणीला दोन बाटल्या घेतात, बाबा, हे तेव्हा तुम्हाला आणि मला कुठे माहीत होतं? लघवी दोन बाटल्यांत भरून दोन्हींना सील लावतात. पहिलीत काही आढळलं तर मग दुसरी उघडून तीच तपासणी परत करतात. पहिली उघडली तेव्हाच कोणीतरी पेपराला सांगितलं. ह्यांना त्या आठवड्यात खोकला होता, गल्लीतल्या डॉक्टरकडचं लाल औषध घेतलं होतं. ते त्यात दिसलं की तपासणाऱ्याचंच काही चुकलं, मला आजही कळलेलं नाही. पण दुसरी बाटली उघडायच्या आधी फळा लिहून झाला होता, आणि त्यानंतर अकरा दिवस गावात काहीच घडलं नाही. ना लग्न, ना निकाल, ना कोणी मेलं. तुमच्या नियमाने ती बातमी अकरा दिवस चौकटीत राहिली. हे रोज त्यावरून जायचे. आधी सायकलवरून जायचे, मग फळ्याच्या अलीकडे उतरून, मान खाली घालून, सायकल हाताने ढकलत. पोरं मागून 'बाटली, बाटली' ओरडायची. बाराव्या दिवशी मंडळाच्या लोकांनी सायकल परत मागितली. ह्यांनी पुसून, तेल घालून आणून दिली. त्यांनी ती खोलीत खिळ्याला टांगली. संघात दुसऱ्या कोणाला घेतलं. तरी पुढच्या वर्षीच्या शर्यतीला सायकल हातात असती तर पुन्हा उभं राहता आलं असतं. इथवर मी त्या मुलीला सांगितलं. याच्या पुढचं जे सांगितलं, ते खरं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात तुम्हाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, जेवणात ना तेल ना मीठ. पालेगावच्या बाईने डोक्यावर काविळीची माळ ठेवली होती, ती कमरेपर्यंत लांबली की कावीळ उतरते, म्हणून तुम्ही निजल्या निजल्या ती बोटांनी मोजायचात. तुम्हाला अक्षर दिसत नव्हतं. फळा मोकळा राहतो याचंच तुम्हाला काविळीपेक्षा जास्त वाईट वाटायचं. मग पंधरा दिवस मी पेपर वाचून दाखवायचा, तुम्ही सांगायचं, हे घे, ते सोड, आणि मी जाऊन लिहायचं. बाईमाणूस फळा लिहिते म्हणून मंडळाचे लोक आधी हसले, मग अक्षर चांगलं आहे म्हणाले. तुम्ही बरे झालात तेव्हा मला शाईचं पेन आणून दिलंत. म्हणालात, पंधरा दिवसांत एक बातमी चुकली नाही तुझी. ते पेन मी कधी उघडलं नाही. तुम्हाला वाटायचं, जपून ठेवलंय.

त्या पंधरा दिवसांतल्या एका सकाळी, बाजारभावांच्या खाली, चार ओळी होत्या. घाटाच्या शर्यतीतील सायकलपटूच्या दुसऱ्या नमुन्यात काहीही आढळले नाही, संघटनेने त्याला दोषमुक्त केले आहे. फोटो नाही, मथळा असून नसल्यासारखा. तुम्ही भिंतीकडे तोंड करून निजला होतात आणि म्हणालात, पुढे वाच. मी पुढचं वाचलं. त्या चार ओळी सोडून पुढचं. तुम्ही झोपल्यावर तेवढा तुकडा फाडला आणि पोलक्यात ठेवला.

मी वाईट मनाने केलं नाही. एकोणीस वर्षांची होते. ही बातमी ह्यांना फळ्यावरून, चारचौघांबरोबर कळू नये, माझ्या हातून कळावी, एवढंच मनात होतं. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटायच्या वेळी मी बदलापूरच्या रस्त्यावर वळणापाशी भाजीची पिशवी घेऊन उभी राहिले. हे आले, एका जुन्या जड सायकलवर. मी तुकडा पुढे केला. ह्यांनी पाय टेकून वाचला, खूप वेळ वाचला. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलले. कपाळाला हात लावून रडले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी विचारलं, "तुझ्या बाबांनी वाचलं हे?"

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, का नाही वाचून दाखवलंस. त्याचं उत्तर रस्त्यात उभ्या मुलीला देता येत नाही. मी म्हणाले, "वाचलं. नको लिहू म्हणाले."

ह्यांचा चेहरा तेव्हा जो झाला तो पुढे कायम तुमच्यापुरता तसाच राहिला. मी घाईने म्हणाले, मी लिहीन, उद्याच लिहीन. हे म्हणाले, "चोरून लिहिलेलं नको मला. ज्यांनी लिहिलं त्यांनी पुसावं." तुकडा घडी करून खिशात घातला. मंडळाला दाखवा म्हटलं तर दाखवला नाही. कागद दाखवत फिरायला मी भिकारी नाही, म्हणाले. मंडळाचे लोक फळा वाचायचे, बाजारभावांखालचा पेपर कोण वाचतो? सायकल खिळ्यालाच राहिली. तिची चाकं तिथेच गंजली.

पुढे आपल्या गल्लीतल्या ह्यांच्या आत्याने स्थळ आणलं, तुम्ही मला विचारलंत आणि मी हो म्हणाले. तुम्हाला आनंद झाला. त्या पोराचं नशीब फिरलं, पण माणूस कष्टाळू आहे, म्हणालात. लग्नात हे तुमच्या पाया पडले, कारण सगळे बघत होते. त्यानंतर तुमच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. मला सोडायला यायचे, नळापर्यंत.

एका दुपारी तुम्ही बदलापूरला आमच्याकडे आलात, आठवतं? तुम्ही आलात तसे हे टायरला पंक्चर काढायचं म्हणून बाहेर जाऊन बसले. तुम्ही स्वयंपाकघरात माझ्याजवळ पाटावर बसलात. मी तांदळाची भाकरी थापते आहे. बाहेरून पंपाचा आवाज येतो आहे. तुम्ही हळू आवाजात म्हणता, "त्याला सांग, पेपरात आलं ते मी लिहिलं. नंतर काही आलं असतं तर तेही लिहिलं असतं. त्याहून मोठं लिहिलं असतं." मी तव्याकडे बघते आहे. तुम्ही थांबला आहात. भाकरी करपल्याचा वास येतो आणि तुम्हीच म्हणता, अगं उलट ती. मी उलटते. तुम्ही ती करपलेली भाकरी आधी घेतलीत आणि सगळी खाल्लीत. वर्षाच्या आत तुम्ही गेलात. जावई आपल्याकडे का येत नाही, याचं अर्धंच कारण घेऊन गेलात.

ह्यांचं पुढे वाईट झालं नाही. वसाहतीतली कंपनी बंद पडल्यावर उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या सायकलच्या दुकानात लागले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. शेठ ह्यांना नावाने कधी हाक मारायचे नाहीत, चॅम्पियनच म्हणायचे. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, चाक खुद्द चॅम्पियन सरळ करून देणार. एकदा ह्यांनी तो तुकडा त्यांना दाखवला. शेठ म्हणाले, "साईं, ये तो पता था मेरे को. अखबार तो पकोडे बांधने के लिए होता है." हे घरी येऊन मला सांगत हसले. पण मग जेवताना म्हणाले, परक्या माणसाला पटलं, आणि तुझ्या बाबांना चार ओळी जड झाल्या. असं वर्षातून एकदोनदा तरी व्हायचं. परदेशातल्या कुणावर आरोप झाला की पेपर वाचून झाल्यावर हटकून. मी ताट उचलून आत जायची. मुलीने हेच ऐकलं, ती लहानाची मोठी झाली ते ऐकत. आजारपणातही एकदा म्हणाले. मी पाय चेपत होते. तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. जाणाऱ्या माणसाकडून त्याचा राग काढून घेतला तर त्याच्याकडे काय उरेल, असं वाटलं. खरं म्हणजे तो राग माझ्यावर आला असता, त्याची भीती वाटली.

बातमी वाचून मी ती लिहिणाऱ्या मुलीला फोन केला. म्हटलं, माझ्या वडिलांना ती दुसरी बातमी माहीतच नव्हती. ती गोंधळली. म्हणाली, "पण मावशी, तुम्हीच म्हणालात ना, त्यांनी नको लिहू म्हटलं?"

मी म्हटलं, माझी चूक झाली सांगण्यात. ते आजारी होते, त्यांच्या वाचनात आलं नाही. तिने आपल्या संपादक सरांना विचारलं. मग म्हणाली की मथळा आता बदलता येणार नाही, सर म्हणतात खूप लोक वाचतायत, पण खाली टीप टाकते. पोर भली आहे. संध्याकाळी टीप आली. सगळं वाचून, त्याखालच्या दोन जाहिराती सोडून, बोटाने वर सरकवत गेलं की दिसते. 'संबंधित दुरुस्ती आजारपणामुळे त्यांच्या वाचनात आली नसावी, असे कुटुंबीयांकडून समजते.' कुटुंबीय म्हणजे मी. तुम्ही असतात तर हसला असतात, अखेर मीच सूत्र झाले. आणि टीपसुद्धा खोटीच झाली. वाचनात आली नाही, असं नव्हे. वाचून दाखवणारीने गाळली.

माझ्या मुलीला आज खरं लिहीन म्हणते. मोबाईलवर दोनदा लिहून पुसलं. तुम्हाला मात्र लिहिता येतं, कारण हा कागद कुठे जाणार नाही. ह्यांच्या पान्यांच्या डब्यात तो तुकडा आहे, घडीवर फाटलेला. हाही तिथेच ठेवीन.

अजून एक राहिलं. तुम्ही काविळीतून उठलात तेव्हा मी मनाशी ठरवून ठेवलं होतं की विचारलंत तर सांगायचं, त्या दिवशी फळ्यावर जागाच नव्हती. तुम्ही विचारलं नाहीत. जागा होती, बाबा. लाल चौकटीच्या खाली चांगली वीतभर मोकळी राहिली होती. मी तिथे पुन्हा वेल काढली.